तपासणीची जागा

"मग टेबल काय माझ्या डोक्यावर मांडू?" नवऱ्याचा आवाज चढला.

"डोक्यावर मांडा, नाहीतर माळ्यावर चढवा. तिथे नाही म्हणजे नाही," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण मागितलं कुणी? जमिनीवर बसून कापड कापते, गुडघे गेले, कंबर गेली, या घरात एक टेबल येत नाही, अशी वर्षभर कानाशी भुणभुण कुणाची होती? माझी?"

"मागितलं मीच. पण तिथे मागितलं नव्हतं."

"बरं, दुसरी जागा दाखव. दाखव की! इथे मशीन. तिकडे कापसाची पोती. या भिंतीला कापडाचे तागे. खिडकीखालची जागा सोडली तर या खोलीत टेबलच काय, मांजर आडवं व्हायला जागा नाही."

टेबल सकाळपासून दारात अडकलं होतं. दोन पाय कामाच्या खोलीत, दोन बाहेर पायरीवर. सुतार ते आणून टाकून, "जागा ठरली की हाक मारा," असं म्हणून निघून गेला होता. तेव्हापासून ज्याला आत यायचं तो टेबलाखालून वाकून येत होता, ज्याला बाहेर जायचं तो वरून चढून जात होता. नणंद एकदा वाकली, एकदा चढली, आणि दोन्ही वेळा तिने टेबलाला शिव्या घातल्या, कारण थोरल्या भावाला घालता येत नव्हत्या. आता ती शिलाईचं मशीन थांबवून म्हणाली, "दादा, समजून घे ना जरा. तिथे आई..."

"आई काय? आई आता नाही. फरशी आहे ती. नुसती फरशी."

"नुसती आहे ना?" सूनबाईने कात्री खाली ठेवली. "मग जा तिच्यावरून. एवढं असेल तर खिडकीपर्यंत सरळ चालत जाऊन दाखवा."

"जातो की. त्यात काय?"

तो निघाला, अगदी छाती काढून निघाला. खिडकी समोर, वाटेत काहीही नाही, धुतलेली मोकळी फरशी. तिच्या कडेला पोचल्यावर त्याचा डावा पाय आपोआप बाहेरच्या बाजूला पडला, मग उजवा. खांदा किंचित तिरपा करून तो भिंतीच्या कडेकडेने खिडकीशी पोचला. गजाला हात लागला तेव्हा त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं, आणि तो गज धरून तसाच बाहेर बघत उभा राहिला.

नणंदेने सुईखाली कापड नसतानाच पाय दाबला आणि मशीन थोडा वेळ रिकामंच धावलं.

या घरात योगासनांना लागणाऱ्या वस्तू बनतात. पाठीखाली घ्यायचे लोड, बसायची गोल आसनं, पाय ताणायला सुती पट्टे, अंथरायला जाड विणीच्या चटया, आणि डोळ्यांवर ठेवायच्या पिशव्या. सगळं हाताने, सगळं झाडापानांचं. त्याआधी इथे गाद्या आणि उशा व्हायच्या. माईंच्या, म्हणजे सूनबाईच्या सासूच्या, नवऱ्याचा तो धंदा. तो गेल्यावर गिऱ्हाईक दुकानातल्या तयार गाद्यांकडे वळलं आणि माई शिलाईच्या मशीनपाशी एकट्या उरल्या, पदरी दोन मुलं. मग एक दिवस कोपऱ्यावर योगाचा वर्ग चालवणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "मला लोड हवेत, पण त्यात रबर नको, प्लॅस्टिक नको. मातीतून आलेलं आणि मातीत जाणारं असं काही भरून द्याल का?"

"मातीत जाणारं म्हणाल तर आमच्याकडे सगळंच तसलं आहे," माई म्हणाल्या होत्या. "माझ्यासकट."

योगाच्या बाई हसून बेजार झाल्या आणि काम चालू झालं. लोडात सावरीचा कापूस भरायचा. हा कापूस भरताना नाकातोंडाला फडकं बांधावं लागतं, कारण शिंक तर सोडाच, नुसता श्वास टाकला तरी तो उठून पळतो. डाळिंबाच्या साली उकळून रंग काढायचा. आणि पिशव्यांमध्ये जवस. डोळ्यांवरची पिशवी दिसते चष्म्याच्या घरासारखी, पण ती ठासून भरायची नसते. ठासली तर दगडासारखी कपाळावर बसते. थोडी सैल ठेवली की आतला जवस सरकत जातो आणि डोळ्यांच्या खोबणीत आपली जागा आपण करून घेतो. सोबत मूठभर वाळलेला पुदिना. अंधार, गारवा, वास. एवढ्यासाठी लोक ती विकत घेतात आणि जमिनीवर मेल्यासारखे पडून राहतात.

माईंना हे नवल वाटलं होतं. "या पडून राहण्याला काय म्हणता?" त्यांनी बाईंना विचारलं.

"शवासन."

"म्हणजे मेल्याचं सोंग?" माईंनी मान हलवली. "हे बरं आहे. मेलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही."

तपासणी सुरू झाली ती एका तक्रारीवरून. एका पिशवीची शिवण उसवली आणि कुणाच्या तरी कानात जवस गेला. बाईंनी हसत हसतच सांगितलं, पण माईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्यांनी खिडकीखाली चटई अंथरली, गुडघ्यांखाली लोड घेतला, नव्या पिशव्यांमधली एक डोळ्यांवर ठेवली आणि हातपाय सैल सोडून पडल्या. पडता पडता घराला नियम सांगितला. "तपासणाऱ्याशी बोलायचं नाही. बोललं की गाल हलतात आणि पिशवी घसरते. वरून ओलांडायचं नाही. धक्का लागतो."

तेव्हापासून रोज दुपारी तपासणी. आधी जरा वेळ, मग बराच वेळ, मग चहा होईपर्यंत. घरातले त्यांना वळसा घालून जायचे. पोती उचलून नेताना नवरा वळसा घालायचा, तागा आणताना नणंद वळसा घालायची. थट्टाही व्हायची. "आमच्या कारखान्यात झोपायचं खातं उघडलंय," असं नवरा म्हणायचा. नणंद म्हणायची, "आई, या खात्यात अजून एखादी जागा रिकामी आहे का गं?" पिशवीखालून उत्तर येत नसे. नियमच होता.

सूनबाई थट्टेत नव्हती. तिच्या डोक्यातले केस पांढरे होऊ लागले होते, तरी सासूने पहिल्या दिवशी हाक मारली तीच गल्लीभर रुजली होती, आणि वाणीसुद्धा तिला सूनबाईच म्हणायचा. सासूसुनेत वितुष्ट असं नव्हतं. भाजी अळणी झाली की खारट, पंखा चालू की बंद, एवढ्यावर भागायचं. पण जिच्याबरोबर अर्धं आयुष्य एका चुलीपाशी काढलं त्या बाईशी आपण कामाखेरीज काय बोललो, असं कुणी विचारलं असतं तर सूनबाईला आठवावं लागलं असतं. माईंना रात्री झोप लागत नसे हे तिला ठाऊक होतं. पहाटे उठावं तर त्या आधीच मशीनवर असायच्या. आणि दिवसा त्यांना पाठ टेकलेलं तिने लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं, पाहिलं ते तपासणी सुरू झाल्यावरच. त्यांच्या सासूच्या काळात दिवसा आडव्या झालेल्या बाईला लोक विचारायचे, आजारी आहेस का. नसलीस तर ऊठ.

हे सगळं कळत असूनही दुपारी गुडघे मोडून जमिनीवर कापड कापताना, समोर ते पसरलेले तळवे बघून तिच्या मनात यायचं, पाठ मलाही आहे.

ती गोष्ट घडली त्या दुपारीही असंच चाललं होतं. माल बांधायची घाई. नणंद मशीनवर, नवरा दाराशी गठ्ठे आवळत, सूनबाई माईंच्या पायांपासून हातभर अंतरावर कापड पसरून बसलेली. लोड भरून नुकतेच झालेले, त्यामुळे कापसाचे तंतू खोलीभर तरंगत होते. खिडकीतून ऊन सरकत माईंच्या तोंडावर आलं तेव्हा सूनबाईनेच उठून पडदा ओढला. वळसा घालून गेली, वळसा घालून आली. येताना तिचं लक्ष गेलं. कापसाचा एक पुंजका तरंगत खाली आला आणि माईंच्या वरच्या ओठावर बसला.

बसला आणि बसूनच राहिला.

सूनबाईने तो पाहिला. नीट पाहिला. तिच्या मनात आलं, काय निश्चल पडतात या, माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि ती पुन्हा कात्री चालवायला लागली.

चहा झाला, माई उठल्या नाहीत. नणंदेने कप हातात घेऊनच दोनदा नियम मोडला, "आई, चहा," म्हणाली. मग कप खाली ठेवला. पिशवी उचलली तर डोळे मिटलेले होते, आणि जवसाने खोबणीत केलेला खळगा पिशवीत तसाच होता. डॉक्टर आले. म्हणाले, "बराच वेळ झालाय." किती वेळ, ते काही त्यांनी सांगितलं नाही आणि या तिघांनी विचारलं नाही. विचारून त्यांना काय कळायचं होतं? आपण किती वळसे माईंना घातले आणि किती त्या गेल्यानंतर, हेच ना?

त्या गडबडीत ती पिशवी कुणीतरी ढिगावर टाकली. ढीग बांधला गेला, माल बाहेर पडला. सगळ्या पिशव्या एकाच कापडाच्या, एकाच शिवणीच्या. आता ती कुणाच्या तरी डोळ्यांवर असेल, आणि तो माणूस म्हणत असेल, काय शांत वाटतं.

ओठावरच्या पुंजक्याचं सूनबाईने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या खोलीत श्वास टाकला तरी कापूस उडतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, त्याच खोलीत तिने तो न उडताना पाहिला होता.

घर पुन्हा चालू झालं. चटई गुंडाळून माळ्यावर गेली. जागा मोकळी झाली, पण वाट वळलेलीच राहिली. मोकळ्या फरशीला सगळे वळसा घालत होते आणि त्याबद्दल बोलत नव्हते. केर काढताना नणंद त्या जागेच्या कडेकडेने केरसुणी फिरवायची आणि मध्यभाग शेवटी, लांबूनच, हात पुढे करून. मालावर शिवायच्या कापडी पट्टीवर 'वापरून झाल्यावर मातीत मिसळून जाईल' असं छापलेलं असे. ती पट्टी शिवताना नणंद आता ती उलटी धरायची आणि मग दोनदा उसवून सरळ करायची. पिशव्या तपासायच्या बंद झाल्या. कुणी, मी पडते, असं म्हटलं नाही.

आणि आवाज येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा सूनबाई एकटीच होती. दुपारची वेळ, रस्त्यावर सामसूम. पाठीमागून, खिडकीच्या बाजूने, बारीक कोरडी सरसर. पिशवीत जवस सरकल्यासारखी. जणू पडलेल्या माणसाने मान जराशी वळवली. तिने वळून पाहिलं. फरशी. उंदीर असेल म्हणून तिने पोती हलवली, ढीग उपसला, काही नव्हतं. पुन्हा कापायला बसली आणि कात्री थांबवली की सरसर. चालवली की नाही. काही दिवसांनी तिला कळलं की नणंद दुपारी गरज नसताना मशीन चालवत राहते, आणि नवरा ज्याला कधी गाण्याचा कान नव्हता तो जेवण झाल्याबरोबर रेडिओ मोठा करतो. तेव्हा ती काय ते समजली. पण विचारलं तिनेही नाही.

असं हे चाललेलं असताना टेबल आलं आणि दारात अडकलं.

भांडण तिथेच लोंबकळत होतं तेवढ्यात योगाच्या बाई माल न्यायला आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, "हे काय, नाका उभारलाय का?" म्हणत ऐटीत त्याच्याखालून वाकून आत आल्या आणि सरळ चालत जाऊन त्या जागेच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या.

नणंदेच्या तोंडून "आई गं" निघालं. नवरा अर्धवट उठला.

"काय झालं?" बाईंनी पायाखाली पाहिलं. "काही सांडलंय का?"

"नाही, नाही. बसा ना," सूनबाई म्हणाली. "इकडे बसा, इकडे. तिथे ऊन येतं."

बाई बसल्या. माल मोजून घेतला. पिशव्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, "छान झाल्यात. माई असत्या तर खूश झाल्या असत्या."

नवरा घसा खाकरून म्हणाला, "या वेळी तपासायच्या राहिल्यात. आई गेल्यापासून ते काम कुणाला..."

"तपासायला काय लागतं हो? शिवण ओढून बघायची, पिशवी हलवून बघायची, झालं. त्यासाठी कुणी झोपतं का?" बाई मोकळेपणाने हसल्या. "मी माईंना तेव्हाच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, ते मलाही कळतं, पण तुम्ही आमच्या घरी बोलू नका."

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंचं हसू हळूहळू उतरलं. "म्हणजे तुम्हाला... मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आम्हाला माहीत होतं," सूनबाई म्हणाली.

"मला नव्हतं," नवरा म्हणाला.

बाईंना गठ्ठे घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचवायला नणंद गेली. टेबलाच्या खालून आधी गठ्ठे ढकलले, मग बाई, मग ती. नवरा पोत्यावर बसून राहिला होता.

"मागायचं ना," तो म्हणाला. "मला झोप येत नाही, दुपारी जरा पडते, असं म्हणायचं. आम्ही काय नाही म्हटलं असतं? मी तिचा मुलगा की कोण? एवढं नाटक कशाला?"

सूनबाई कापडाच्या चिंध्या गोळा करत होती.

"तू सांग. नाही म्हटलं असतं का मी?"

"नाही नसतं म्हटलं. विचारलं असतं, बरं नाही का."

"मग? विचारणं वाईट आहे?"

"एकदा विचारलं तर नाही. रोज विचारलं असतं. मग त्या तिसऱ्या दिवशी उठून बसल्या असत्या."

"आणि तुला माहीत होतं तर तू का नाही बोललीस?"

"मला कुणी कधी विचारलं?"

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "हे बघ, हे सगळं डोक्यातून काढायचं तर एकच उपाय. मी सुताराला घेऊन येतो. टेबल आज खिडकीखाली लागणार. एकदा त्याच्यावर कापड पडलं, कात्री चालली, की सगळं जागच्या जागी येईल. वळसे नको आणि काही नको." असं म्हणून तो टेबल चढून बाहेर गेला.

घरात ती एकटी उरली. चिंध्या टोपलीत टाकल्या. कात्री खुंटीला लावली. आणि सरसर झाली.

या वेळी ती वळली नाही. उभी राहिली आणि ऐकू लागली. आवाज थांबला, पुन्हा झाला. टेबल लागलं तर हा आवाज टेबलाखालून येईल, तिच्या मनात आलं. मी वर कापड कापत उभी असेन आणि खाली माई पडलेल्या असतील. जन्मभर त्यांच्यावरून कात्री चालवायची. आणि ओठावरचा तो कापूस मी कधी कुणाला सांगणार नाही.

तिने माळ्यावरची चटई काढली. ती हातातून घसरून खाली आपटली आणि आपोआप उलगडली. खिडकीखाली तिने ती सरळ केली. लोड घेतला, पिशवी घेतली. चटईच्या कडेशी ती किती तरी वेळ नुसती बसली, आणि मग थंड पाण्यात शिरावं तशी एकदम आडवी झाली. पिशवी डोळ्यांवर ठेवली.

अंधार. पुदिन्याचा वास. जवस सरकत सरकत खोबणीत बसला, आणि तिने मिटल्या डोळ्यांनी बुबुळं हलवली तसा तोच आवाज झाला. कानाशी, मोठा. बारीक कोरडी सरसर. पण हा आवाज आता बाहेरून येत नव्हता.

फरशीचा गारवा चटईतून पाठीला लागत होता. कंबरेचा एकेक मणका जमिनीला टेकत गेला तसा तिला स्वतःच्याच अंगाचा राग आला, की याला इतकं बरं कसं वाटतं, या जागेवर. मग रागही सैल झाला. जमिनीवरून घर निराळंच ऐकू येत होतं. शेजारच्या नळाचं पाणी. रस्त्यावरून जाणाऱ्या चपला. कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं, सुटे आहेत का. आणि मग तिला कळलं की इथे पडलं की सगळं ऐकू येतं. दारातली कुजबुज, चुलीपाशी टाकलेला शब्द. झोपायचं खातं. पाठ मलाही आहे, हे ती मनातल्या मनात म्हणायची असं तिला वाटत होतं. नेहमी मनातच म्हटलं होतं का?

टेबल करकरलं. नवरा चढून आला होता. "सुतार घरी नाही, उद्या येतो म्हणाला त्याचा..." आणि बोलणं तुटलं.

पावलं थांबली. सूनबाई हलली नाही. आपण असं का करतो आहोत हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिला फक्त ऐकायचं होतं, आता हा काय करतो.

त्याने काहीच केलं नाही. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. मग पावलं पुढे आली. सावकाश, टाच न टेकता. तिच्या डोक्याच्या बाजूने वळसा घालून ती खिडकीपाशी गेली. वळसा घालूनच परत आली. दाराशी थांबली.

खालून वाकून नणंद आली असावी. "दादा, अरे, बाई म्हणत होत्या की..."

"शूऽऽ." आणि मग सवयीने, जसं आजवर शेकडो वेळा म्हटलं असेल तसं तो म्हणाला, "तपासतेय."



"दादा," नणंदेचा आवाज अगदी बारीक झाला होता, "केव्हापासून?"

"मी आलो तेव्हापासून आहे अशीच."

"हलली?"

"मी बघितलं नाही. मला बघवेना."

"मग हाक मार ना तिला."

"तू मार."

"मी कशी मारू? बायको तुझी आहे."

"अगं, मार ना. वहिनी म्हण नुसतं."

"माझ्या तोंडातून आवाज येत नाहीये दादा. तूच मार. जवळ जा, हात लावून बघ."

"आणि ओ नाही दिली तर?" नवरा म्हणाला. "मारली हाक आणि ओ नाही दिली, तर मी काय करू?"

सूनबाईला इतके दिवस वाटत होतं की वळसा घालणारे आपण सगळे दगड आहोत. तिने श्वास आत घेतला.

"ओ," ती म्हणाली.

नणंद किंचाळली. नवरा मागे सरला तो टेबलावर आदळला, आणि सकाळपासून न हललेलं टेबल वीतभर आत आलं. सूनबाई उठून बसली. पिशवी घसरून तिच्या मांडीवर पडली. डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके नाचत होते आणि त्यांच्या मागे ती दोघं भिंतीला टेकून उभी होती. सख्खी भावंडं शोभत होती. सारखीच पांढरी पडली होती.

"वहिनी! असं करतात का कुणी? माझं काळीज थांबलं होतं ना!"

"हे काय भलतंच? हे बोलायचं नाही का आधी?" नवरा कोपर चोळत होता. "बरं नाही का तुला?"

"चांगली आहे मी."

"मग आडवी कशाला झालीस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग नणंदेकडे.

"माईंच्या ओठावर कापूस बसला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "मी पडदा ओढून येत होते तेव्हा. हलत नव्हता. मी बघितला आणि कामाला बसले."

नणंद हळूहळू भिंतीवरून सरकत खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "मी मशीनवरून तिच्याशी बोलले होते. रंगाचं काहीतरी विचारलं. ती बोलली नाही, तर मला वाटलं, नियम."

नवऱ्याचं त्याच्याजवळच राहिलं. तो फक्त कोपर चोळत राहिला, दुखत होतं त्याहून जास्त वेळ.

सूनबाईने चटईचं टोक सरळ केलं.

"टेबल तागे आहेत त्या भिंतीला लागेल," ती म्हणाली. "तागे माळ्यावर जातील. उजेड कमी पडला तर दिवा लावीन. ही चटई इथून हलणार नाही. रोज जेवणं झाली की मी इथे पडणार आहे. तपासायला नाही, झोपायला. वन्सं, तुम्हाला पडायचं असेल तर माझ्यानंतर तुम्ही पडा, आणि कारण सांगायचं नाही. पिशव्या बसून तपासायच्या. आणि इथे कुणीही पडलेलं असलं, तर येताजाता हाक मारायची. झोपमोड झाली तरी चालेल. ओ येईपर्यंत मारायची."